दगड आकाशातला, फांदी कडुनिंबाची

१७ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरातमधील दियोदर तालुक्यातल्या रांटिला गावात आकाशातून आलेला दगड कडुनिंबाच्या फांदीवर आदळला आणि फुटला. रावेल गावातही तुकडा मिळाला. दोन गावांत कसा? मूठभर खडी आणि माती एकत्र भिरकावली की खडी पुढे जाते, माती अलीकडेच पडते. हवेत फुटलेल्या उल्केचे तुकडेही तसेच लांबट पट्ट्यात पांगतात. दियोदरची उल्का ‘ऑब्राइट’ या दुर्मीळ जातीची. भारतात अशी यापूर्वी १८५२ मध्ये बस्तीला पडली होती. ऑब्राइटमधली काही खनिजे पाण्याने चटकन बिघडतात, म्हणून पावसाआधी तुकडे उचलणे फार मोलाचे. असा दगड दिसल्यास धुऊ नये, उघड्या हाताने धरू नये आणि चुंबक तर मुळीच लावू नये. त्याने दगडातली प्राचीन चुंबकीय नोंद पुसली जाते.