धावफलकाबाहेरची माणसे

२५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सच्या सज्जात कपिलदेवने विश्वचषक उंचावला, तेव्हा भारतीय संघाच्या मागे उभा असलेला अधिकृत माणूस एकच होता : व्यवस्थापक पी. आर. मानसिंग. संघाला प्रशिक्षक नव्हता, फिजिओ नव्हता. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाऊन येथे दक्षिण आफ्रिकेचा सात धावांनी पराभव करून भारताने ट्वेन्टी-२० विश्वचषक जिंकला, तेव्हा मात्र पंधरा खेळाडूंच्या पाठीशी डझनाहून अधिक माणसे होती. मुख्य प्रशिक्षक राहुल द्रविड. फलंदाजी, गोलंदाजी व क्षेत्ररक्षण यांचे स्वतंत्र प्रशिक्षक. फिजिओ, व्यायाम-प्रशिक्षक, मसाजर आणि सरावासाठी चेंडू फेकणारे तिघेजण. १९८३ साली ज्यावाचून अडले नाही, त्याची आताच गरज का भासावी, असा प्रश्न क्रिकेटच्या गप्पांत हमखास विचारला जातो.

प्रश्न रास्त आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पूर्वी ही कामे नव्हतीच असे नव्हे. ती कोणाच्या तरी अंगावर पडत आणि त्यांना वेगळे नाव नसे. १९७१ साली अजित वाडेकरच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला नमवले, त्या दौऱ्याचे व्यवस्थापक लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी होते. त्यांचे काम केवळ हॉटेल आणि भत्त्यांचा हिशेब पाहण्याचे नव्हते. या लष्करी शिस्तीच्या गृहस्थांनी संघाकडून क्षेत्ररक्षणाचा कसून सराव करून घेतला. एकनाथ सोलकरचे झेल सर्वांच्या स्मरणात राहिले. त्यामागचा सराव मात्र विसरला गेला.

पुढे या कामांना एकेक पद मिळत गेले. १९९० मध्ये बिशनसिंग बेदी आणि त्यानंतर वाडेकर यांनी संघाची धुरा बाहेरून सांभाळली. २००० साली न्यूझीलंडचे जॉन राइट हे पहिले परदेशी प्रशिक्षक म्हणून आले. गॅरी कर्स्टन यांच्या कारकीर्दीत मानसिक तयारीसाठी पॅडी अप्टन यांची नेमणूक झाली आणि २०११ चा विश्वचषक त्याच काळात हाती आला. वर्षभर चालणारा खेळ, तीन प्रकारचे सामने आणि ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास येणारे चेंडू हे सारे एका व्यवस्थापकाच्या आवाक्यात राहिलेले नाही.

या कामाचे स्वरूप किती श्रमाचे असते, हे थ्रोडाउन करणाऱ्यांकडे पाहिले म्हणजे कळते. लांब दांड्याच्या टोकाला खोलगट वाटी असलेल्या साधनाने ते अवघ्या काही पावलांवरून अतिवेगाने चेंडू फेकतात. संघाचे गोलंदाज सामन्यासाठी राखून ठेवावे लागतात. फलंदाजाला मात्र रोज शेकडो चेंडू खेळायला हवे असतात. ही गरज कर्नाटकातील कुमठ्याचे राघवेंद्र, बंगालचे दयानंद गराणी आणि डाव्या हाताने चेंडू टाकणारे श्रीलंकेचे नुवान सेनेविरत्ने यांनी भागवली. वेगवान गोलंदाजी खेळण्यातील आपल्या प्रगतीचे श्रेय विराट कोहलीने राघवेंद्र यांना जाहीरपणे दिले आहे. २ नोव्हेंबर २०२२ रोजी ॲडलेडमध्ये पावसानंतर बांगलादेशाविरुद्धचा सामना पुन्हा सुरू झाला, तेव्हा हेच राघवेंद्र हातात ब्रश घेऊन सीमारेषेच्या कडेने फिरत होते आणि खेळाडूंच्या बुटांना चिकटलेला चिखल काढीत होते. भारताने तो सामना पाच धावांनी जिंकला. निसरड्या मैदानावर कोणाचा पाय न घसरणे ही गोष्ट धावफलकावर लिहिली जात नाही.

प्रश्न उरतो तो श्रेयाचा आणि श्रेयाबरोबर येणाऱ्या वाट्याचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये एकोणीस वर्षांखालील भारतीय संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा नियामक मंडळाने प्रशिक्षक द्रविड यांना पन्नास लाख, प्रत्येक खेळाडूला तीस लाख आणि साहाय्यकांना प्रत्येकी वीस लाख रुपये जाहीर केले. सर्वांचे श्रम सारखे असता वाटणीत हा भेद कशासाठी, अशी हरकत खुद्द द्रविड यांनीच घेतली. परिणामी त्यांच्यासह सर्व साहाय्यकांना प्रत्येकी पंचवीस लाख मिळाले; म्हणजे द्रविड यांनी स्वतःची निम्मी रक्कम सोडली. त्याआधीच्या वर्षभरात या संघासाठी राबलेल्या इतरांचाही त्यात समावेश झाला. जानेवारी २०१७ मध्ये संघाच्या कामावर असतानाच मुंबईत निधन पावलेले व्यायाम-प्रशिक्षक राजेश सावंत यांचे नाव त्या यादीत होते.

२०२४ च्या विजयानंतर मंडळाने १२५ कोटी रुपयांचे पारितोषिक दिले. प्रसिद्ध झालेल्या तपशिलानुसार द्रविड यांना खेळाडूंइतके पाच कोटी देऊ केले होते. त्यांनी इतर प्रशिक्षकांइतकेच अडीच कोटी घेतले. फिजिओ, मसाजर व थ्रोडाउन करणाऱ्यांच्या वाट्याला प्रत्येकी दोन कोटी आले. रकमा मोठ्या आहेत, यात शंका नाही. परंतु दोन्ही वेळा तफावत कमी झाली ती एका माणसाच्या सदसद्विवेकामुळे. द्रविड यांच्या जागी कमी संकोची गृहस्थ असते तर काय झाले असते? औदार्य ही व्यक्तीची शोभा आहे. संस्थेचा कारभार मात्र नियमाने चालावा लागतो.

मैदानाबाहेरच्या माणसाचे मोल अलीकडे आणखी एका विजयाने दाखवून दिले. १९८८ साली हॅरिस शील्ड स्पर्धेत सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची ६६४ धावांची अभेद्य भागी रचली जात असताना अमोल मुझुमदार पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसला होता. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा करूनही भारताकडून खेळण्याची त्याची पाळी आलीच नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा संघाचे मुख्य प्रशिक्षक तेच मुझुमदार होते. ज्यांना देशाची टोपी मिळाली नाही अशांनाही देशासाठी काही घडवता येते, ते याच वाटेने.

म्हणून मंडळाने आणि राज्य संघटनांनीही स्पर्धेपूर्वीच पारितोषिकाच्या वाटणीचे सूत्र ठरवून जाहीर करावे. साहाय्यकांच्या कराराची मुदत आणि दुखापत किंवा मृत्यू ओढवल्यास कुटुंबाला मिळणारे संरक्षण हेही त्यात नमूद असावे. शाळेच्या उत्तम निकालात प्रयोगशाळेतील साहाय्यकाचा वाटा असतो आणि कचेरीच्या चोख कारभारात आवक-जावक पाहणाऱ्या कारकुनाचा. तो मुख्याध्यापकांच्या किंवा साहेबांच्या मर्जीवर मोजला जाऊ नये, ही अपेक्षा कोणालाही अवाजवी वाटणार नाही. क्रिकेट मंडळाकडे पैशाची उणीव नाही. त्यामुळे हा नियम करण्यास त्याने आणखी एखाद्या द्रविडची वाट पाहण्याचे कारण नाही.