शाफ्टचा बुश बदलताना

त्र्यंबकेश्वरच्या डोंगररांगेत पडणाऱ्या पावसाला दोन वाटा आहेत. पूर्वेकडे उतरलेले पाणी गोदावरीतून १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. ही वाट साऱ्यांना ठाऊक आहे. पश्चिमेकडे उतरते ती वैतरणा. तिचे बरेचसे पाणी धरणांत अडून मुंबईच्या नळांना जाते आणि उरलेली नदी अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. याच दुसऱ्या वाटेने त्र्यंबक तालुक्यातला, आमच्या माहितीतला एक मुलगा पोटासाठी खाली उतरला. आयटीआयला फिटरचे काम शिकलेला हा मुलगा आता मच्छीमारांच्या बोटींची इंजिने दुरुस्त करतो. जुलैच्या अखेरीस आम्ही त्याला भेटायला गेलो, तेव्हा तो किनाऱ्यावर ओढलेल्या एका बोटीच्या बुडाखाली चिखलात बसला होता.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बोटी शाकारून ठेवायच्या आणि दुरुस्त्या उरकायच्या त्या याच दिवसांत. या बोटीच्या तांडेलाने डिझेल-बर्फासाठी उसने पैसे उचलले होते. त्याला फक्त बुश बदलून हवा होता, तोही दोन दिवसांत.

बुश म्हणजे काय, ते वाचकांना सांगितले पाहिजे. इंजिन बोटीच्या पोटात आणि पंखा बाहेर पाण्यात. दोघांना जोडणारा लांब दांडा म्हणजे शाफ्ट. तो बाहेर पडतो तिथे त्याला आधार देणारी नळी म्हणजे बुश. बाहेर पितळ आणि आत रबर, रबराला लांब खाचा. या बुशाला तेल लागत नाही, खाचांतून खेळणारे समुद्राचे पाणीच त्याचे वंगण. पूर्वीच्या आगबोटींत धातूचे बुश लवकर झिजत. १८५४ साली जॉन पेन या इंग्रज इंजिनिअराने तिथे लिग्नम व्हिटे नावाच्या अत्यंत जड, चिकट लाकडाच्या पट्ट्या बसवण्याचे पेटंट घेतले. पाण्यात भिजलेले लाकूड पितळेपेक्षा जास्त टिकले! रबर त्याच्या खूप नंतर आले.

खाडीच्या मुखाशी पाण्यात गाळ आणि रेती. ती खाचांतून वाहून जाते, पण थोडी रबर खातेच. झिजलेल्या बुशात शाफ्ट डुगडुगतो, बोट थरथरते, आतल्या ग्लँडची दोरी सैल होऊन पाणी आत येते. रात्री दूर समुद्रात असे झाले, तर खलाशी जाळी सोडून पाणी उपसत बसतात. शाफ्टच तुटला तर बोट वाऱ्याच्या स्वाधीन.

मुलाने पंखा दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवला. खडखड आम्हालाही ऐकू आली. "काका, शाफ्ट बाहेर काढावा लागेल. लेथवर बघितल्याशिवाय नवा बुश घालणार नाही." तांडेल चिडला. गेल्या वर्षी दुसऱ्या मिस्त्रीने अर्ध्या दिवसात काम केले होते म्हणाला. "म्हणूनच एका वर्षात झिजला," असे मुलगा पुटपुटला. तांडेलाच्या बायकोने मात्र ते ऐकले. सुकी मासळी विकून घर चालवणारी बाई ती. "दोन दिवस जातील तर जाऊ देत, माझा पोरगा त्या बोटीवर आहे," एवढेच म्हणाली.

सुकाणू उतरवले. पंखा हातोड्याने न ठोकता पुलरने काढला, कारण ठोकल्यावर शाफ्ट वाकतो. शाफ्ट मागे ओढला तेव्हा बुशाच्या जागी त्याला घळ पडलेली दिसली. नवा बुश घातला असता, तर या घळीने त्याचे रबर महिन्याभरात सोलले असते. शाफ्ट भरून, कातून आणायला गेला. जुना बुश पितळेपुरता करवतीने उभा चिरून आत दुमडला आणि निघाला. नवा बुश त्याने अर्धा तास बर्फात पुरून ठेवला. थंडीने पितळ आकसते. मग आटे पाडलेली लांब सळई, दोन जाड वॉशर आणि नट यांनी तो हळूहळू आत ओढून घेतला. शाफ्ट सरकवताना साबणाचे पाणी लावले. ग्रीस लावायला निघालेल्या खलाशाचा हात त्याने धरला, कारण तेलाने रबर फुगते.

शाफ्ट झिजण्याचे मूळ कारण वेगळेच निघाले. इंजिनाच्या पायाचा एक बोल्ट ढिला होता, त्यामुळे इंजिन एका बाजूला बसले होते. तो आवळून पॅकिंग दिले, पण कपलिंग लगेच पक्के केले नाही. जमिनीवरच्या बोटीचा आकार पाण्यात थोडा बदलतो, म्हणून ती तरंगायला लागल्यावरच जुळणी तपासायची असते.

दोन दिवसांऐवजी चार लागले. भरतीला बोट लोटली. मुलगा आत उतरला आणि गेजची पातळ पट्टी कपलिंगच्या दोन तबकड्यांत चारही बाजूंनी फिरवून पाहू लागला. चार इंची तबकडीला फरक इंचाच्या चार हजारांश भागापर्यंत चालतो. दोनदा पॅकिंग बदलावे लागले. वरून तांडेल विचारत होता, "झाले का रे?" तिसऱ्यांदा पट्टी सगळीकडे सारखी बसली, तेव्हा मुलाने बोल्ट आवळले आणि इंजिन सुरू करायला सांगितले. ग्लँडमधून थोड्या थोड्या वेळाने पाण्याचा एकेक थेंब पडत होता. तेवढे पडावेच लागते, असे त्याने तांडेलाच्या मुलाला खाली बोलावून दाखवले.