एका युनिटमागची राख

आपल्याकडच्या औष्णिक केंद्रात विजेचं एक युनिट तयार करायला साधारण 650 ते 700 ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. त्यातून पाव किलोच्या आसपास राख उरते. एवढी राख का, याचं उत्तर 25 ते 30 कोटी वर्षं मागे आहे. चंद्रपूरच्या केंद्राला मिळणारा वर्धा खोऱ्यातला कोळसा गोंडवाना काळातला. तेव्हा नद्यांनी झाडोऱ्याबरोबर गाळही वाहून आणला आणि दोन्ही एकत्रच दबले. ही माती कोळशात इतकी मुरलेली असते की धुऊनही पुरती निघत नाही.

केंद्रात कोळसा पिठासारखा दळून भट्टीत फुंकतात. कार्बन जळतो, माती उरते. जड राख तळाशी पडते. बरीचशी धुराबरोबर चिमणीकडे निघते. वाटेत तिला ईएसपी नावाची यंत्रणा अडवते. हजारो व्होल्टच्या तारांमधून जाताना कण विद्युतभारित होतात आणि पत्र्यांना चिकटतात. मग हातोडे पत्र्यांवर आपटून ती राख खाली पाडतात. यंत्रणा नीट चालली तर 99 टक्क्यांहून जास्त राख सापडते. निसटतात ते सर्वांत बारीक कण, आणि फुप्फुसात खोलवर पोचतात तेही हेच.

कार्बन डायऑक्साइड मात्र ईएसपीत अडकत नाही, कारण तो वायू आहे. 12 किलो कार्बन हवेतला 32 किलो ऑक्सिजन घेऊन 44 किलो वायू बनवतो. म्हणूनच पाऊण किलोहून कमी कोळशातून जवळपास एक किलो वायू बाहेर पडतो.

कोरडी राख सिमेंट कारखान्यांना चालते. उरलेली पाण्यात कालवून नळांनी राख बंधाऱ्यात सोडतात. उन्हाळ्यात ती वाळून शेतांवर उडते. तिच्यात आर्सेनिक, शिसं, पारा थोड्या प्रमाणात असतात आणि ते झिरपून विहिरींपर्यंत जाऊ शकतात. जुलै 2022 मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळा इथला बंधारा फुटला आणि राखेचा लोंढा शेतांत, नाल्यांत शिरला.

डिसेंबर 2021 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार सगळी राख वापरात आणणं बंधनकारक आहे. बंधाऱ्यांत साचलेल्या जुन्या राखेसाठी दहा वर्षांची मुदत आहे. मला ही मुदत फार लांबची वाटते. निदान तोवर बंधाऱ्याभोवतीच्या प्रत्येक विहिरीचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून त्याचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला हवेत.