गाळ, म्हशी आणि एक यादी

निफाडचा पारा घसरल्याची बातमी दर हिवाळ्यात पेपरात येते. तो पारा अंगावर घ्यायचा असेल तर जानेवारीत उजाडायच्या आत नांदूर-मधमेश्वर जलाशयाच्या काठावर जाऊन उभं राहावं. मी गेलो होतो पक्षी मोजायला. खरं सांगायचं तर मोजणाऱ्यांच्या मागे वही धरून उभं राहायला, कारण तलवार बदक कोणतं आणि थापट्या कोणता हे मला सूर्य डोक्यावर आल्यावरही छातीठोक सांगता येत नाही.

सोबत काठावरच्या गावातले अण्णा होते. अर्धा जन्म या पाण्यावर गेलेला. तिपाईवर दुर्बीण लावून त्यांनी मला मोजायची रीत दाखवली. आधी थव्यातले दहा पक्षी नीट मोजायचे. त्या दहांनी किती जागा अडवली ते डोळ्यांत धरायचं आणि मग तेवढे तेवढे तुकडे करत थव्याच्या दुसऱ्या टोकाला जायचं. थवा मोठा असला तर शंभराचा तुकडा. मध्येच एखादा दलदली भोवत्या डोक्यावरून गेला की अख्खा थवा उठतो आणि पुन्हा एकपासून सुरुवात. पलीकडे काळ्या पक्ष्यांचा जथा होता, कपाळावर पांढरा टिळा, दाटीवाटीने एका दिशेला चाललेला. "वारकरी," अण्णा म्हणाले. "लिहा." नाव ठेवणाऱ्याने आषाढातली पंढरीची वाट नक्की पाहिलेली असणार.

वहीतले ते आकडे निफाडात राहत नाहीत. 1987 पासून दर जानेवारीत आशियाभर अशी गणना होते. वेटलँड्स इंटरनॅशनल ही संस्था ती जुळवते आणि आपल्याकडे मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी त्यात असते. हे आकडे कामाला येतात ते जगातल्या एका मोठ्या यादीसाठी. एखाद्या पाणथळीवर नेहमी 20,000 पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या त्या भागातल्या एकूण संख्येपैकी एक टक्का पक्षी तिथे उतरत असतील, तर ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरते. असे एकूण नऊ निकष आहेत. त्यांतला एक जरी जुळला तरी पुरतं. या यादीचं नाव रामसर.

नाव ऐकून अनेकांना ते आपलंच, रामायणातलं वाटतं. एका सरकारी फलकावर मी 'रामसर' फोडून 'राम सर' असं लिहिलेलंही पाहिलं आहे. मूळचं रामसर हे इराणमधलं कॅस्पियन समुद्राकाठचं गाव. 2 फेब्रुवारी 1971 रोजी तिथे पाणथळ जागांच्या कराराचा मसुदा मंजूर झाला आणि दुसऱ्या दिवशी 18 देशांच्या प्रतिनिधींनी त्यावर सह्या केल्या. पाठीमागे नऊ वर्षांची खटपट होती. युरोपात दलदली झपाट्याने आटवल्या जात होत्या, बदकं कमी होत होती, आणि त्याची काळजी जितकी पक्षीनिरीक्षकांना होती तितकीच बदकांची शिकार करणाऱ्यांनाही होती. 1962 मध्ये फ्रान्सच्या कामार्गमध्ये परिषद भरली. ती भरवणाऱ्यांत ल्युक हॉफमन होता. औषधांच्या बड्या कंपनीचा हा वारस त्याच दलदलीत पक्ष्यांच्या अभ्यासाचं केंद्र थाटून बसला होता. इराणकडून पुढाकार घेतला एस्कंदर फिरोझ यांनी. त्यांच्याकडे शिकार आणि मासेमारीचं खातं होतं. म्हणजे निसर्गरक्षणाचा जगातला हा पहिला आधुनिक करार बंदूकवाले आणि दुर्बीणवाले यांनी मिळून केला. करारात 'सुज्ञ वापर' असा शब्द पहिल्यापासून आहे तो उगाच नाही.

1975 च्या डिसेंबरात करार अमलात आला. आज 170 हून अधिक देश त्यात आहेत आणि यादीत अडीच हजारांच्या आसपास जागा. एवढा पसारा सांभाळणारं कार्यालय मात्र चिमुकलं. स्वित्झर्लंडमधल्या ग्लाँ या गावी आययूसीएन या जुन्या संस्थेच्या छपराखाली मोजकी माणसं बसतात. त्यांच्याकडे दंड करायचा अधिकार नाही, पोलीस नाहीत, न्यायालयही नाही. आहे ती यादी. इराणचं स्वतःचं उर्मिया सरोवर 1975 पासून त्या यादीत आहे, आणि तरी ते डोळ्यांदेखत आटत गेलं.

मग यादीने होतं काय? याचं उत्तर नांदूर-मधमेश्वरला जवळून दिसतं. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे गेल्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी पाटाच्या पाण्यासाठी बंधारा बांधला. नद्यांनी गाळ आणून आणून तो भरत नेला. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात ही साठवण बुडाली. गाळाची बेटं झाली, त्यांवर पाणकणीस माजलं, उथळ पाण्यात बदकांना चारा मिळाला आणि माणसं त्या गाळाला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणू लागली. आपल्या सातबाऱ्यावर दलदलीची ओळख काय असते? पोटखराबा. जे पिकत नाही ते खराब.

रामसरची व्याख्या फार ऐसपैस आहे. दलदल, नदी, तळं, खाडी, ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असलेला समुद्र, इतकंच काय, भातखाचरं, मिठागरं आणि धरणांचे जलाशयही तिच्यात बसतात. भारताच्या 2017 च्या पाणथळ नियमांनी ही व्याख्या चांगलीच कातरली. सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेलं जलाशय पाणथळ नाही, मिठागर नाही, भातशेतीही नाही. मात्र त्याच नियमांत असंही आहे की रामसर यादीत आलेल्या जागेला ते लागू होतात. नांदूर-मधमेश्वर मुळात सिंचनाचंच बांधकाम. 2020 च्या जानेवारीत त्याच्या 1,437 हेक्टरांचं नाव यादीत आल्याचं जाहीर झालं. ग्लाँमधल्या एका नोंदीमुळे निफाडच्या गाळाला दिल्लीच्या नियमांत उभं राहायला जागा मिळाली. कागदाची ताकद असते ती एवढीच, पण ती कमी नाही.

या कागदाचं खरं नाटक घडलं ओडिशात, चिलिका सरोवरावर.

चिलिका म्हणजे समुद्राला चिकटलेलं प्रचंड खारं-गोडं पाणी. उन्हाळ्यात 900 चौरस किलोमीटरच्या आसपास, पावसाळ्यात साडेअकराशेच्या वर. महानदीच्या शाखा एका बाजूने गोडं पाणी आणि गाळ ओततात, दुसऱ्या बाजूने एका मुखातून समुद्र आत-बाहेर करतो. भारत 1982 मध्ये करारात आला तेव्हा आपल्या पहिल्या दोनच जागा होत्या, भरतपूरचं केवलादेव आणि हे चिलिका. पण किनाऱ्याने सरकणारी वाळू मुखाला ढकलत ढकलत उत्तरेकडे नेत होती. समुद्राकडे जाणारी वाट लांबली आणि उथळ झाली, भरतीचं पाणी सरोवरापर्यंत पोचेना. खारटपणा उतरला, पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली. नांदूरला ज्या गाळाने पाणथळ घडवली त्याच गाळाने इथे ती गुदमरवली.

1990 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथे भरलेल्या बैठकीत सदस्य देशांनी आणखी एक यादी सुरू केली होती. यादीतल्या ज्या जागा बिघडत आहेत त्यांची वेगळी नोंद. सरळ सांगायचं तर नापासांची यादी. गंमत अशी की तिच्यात नाव घालायला त्या देशाची संमती लागते. आपली प्रकृती बिघडल्याचं आपणच लिहून द्यायचं. भारताने केवलादेवसाठी 1990 मध्ये आणि चिलिका व मणिपूरचं लोकटाक यांच्यासाठी 1993 मध्ये ते दिलं. लोकटाकचं दुखणं इथाईच्या बंधाऱ्यात आहे. बंधारा वीज देतो, म्हणून तो हलत नाही, म्हणून नावही हलत नाही.

चिलिकाचं हललं. राज्य सरकारने 1991 मध्ये स्थापलेल्या चिलिका विकास प्राधिकरणाने नवं मुख खोदायचं ठरवलं. समुद्राच्या वाळूत खड्डा मारणं सोपं, तो उघडा राहील का हे सांगणं अवघड. ते गणित झालं पुण्यात, खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात. सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला जाताना डावी-उजवीकडे बघत आपण ज्या कुंपणाजवळून जातो, तिथल्या अभियंत्यांनी भरती-ओहोटी आणि वाळूची प्रतिमानं मांडून जागा सुचवली. 23 सप्टेंबर 2000 रोजी सातपडासमोरची वाळू कापली गेली आणि समुद्राची वाट सुमारे 18 किलोमीटरने तुटली. आदल्या वर्षी पावणेदोन हजार टनांच्या आत उतरलेली मासळी 2001-02 मध्ये 12,000 टनांच्या घरात गेली. 2002 मध्ये चिलिकाचं नाव नापासांच्या यादीतून निघालं, आशियात असं पहिल्यांदाच घडलं. त्याच साली प्राधिकरणाला रामसरचा पुरस्कारही मिळाला.

गौरवाच्या लेखांत गोष्ट इथे संपते. मला ती इथे थांबवता येत नाही, कारण टनांमध्ये मोजलेली मासळी कोणाच्या जाळ्यात गेली हे टन सांगत नाहीत. चिलिकावर मासेमारी करणाऱ्या जाती पिढ्यान्‌पिढ्या पाणी वाटून घेत आल्या होत्या. ऐंशीच्या दशकात कोळंबीला परदेशात भाव आला आणि बाहेरचे पैसेवाले पाण्यात जाळ्यांचे आणि मातीचे बांध घालून 'घेरी' उभारू लागले. एका बड्या उद्योगसमूहाचा प्रकल्प कोळ्यांच्या आंदोलनाने परतवला. सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या डिसेंबरात चिलिकाच्या 1,000 मीटरांच्या आतली कोळंबीशेती बेकायदा ठरवली. घेऱ्या हटल्या नाहीत. 29 मे 1999 च्या रात्री सोराणा गावात पोलिसांच्या गोळीबारात चार जण मेले. म्हणजे नवं मुख खोदायच्या जेमतेम सव्वा वर्ष आधी. सरोवराची प्रकृती सुधारल्याच्या कागदपत्रांत खारटपणा येतो, डॉल्फिन येतात, सोराणा शोधावं लागतं. रामसरच्या निकषांत पक्ष्यांना एक टक्क्याची मोजपट्टी आहे, मासळीसाठीही निकष आहेत. पाण्यावर हक्क कोणाचा, याला रकाना नाही.

केवलादेवची कहाणी याहून कडवट. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर तिथे गावच्या म्हशींना चराई बंद झाली. सालिम अली यांच्यासारख्या ज्येष्ठांचा बंदीला पाठिंबा होता. नोव्हेंबरात गावकरी आणि पोलीस यांच्यात ठिणगी पडली, गोळीबार झाला, माणसं गेली. सालिम अलींच्याच बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने ऐंशीच्या दशकात दहा वर्षं तिथला अभ्यास केला. निघालं असं की म्हशी गेल्यावर पाण्यातलं एक गवत बेफाम माजलं, उघडं पाणी झाकलं गेलं, आणि बदकांना उतरायला जागा कमी पडू लागली. म्हशी जे फुकट करत होत्या ते काम आता मजूर लावून करायची वेळ आली. आपल्याच थोर माणसाचा आग्रह चुकला असं आपल्याच अहवालात छापायला लागतो तो प्रामाणिकपणा या संस्थेने दाखवला, याचं मला फार अप्रूप आहे. केवलादेवचं नाव नापासांच्या यादीत अजून आहे, पण आता कारण मुख्यतः पाण्याचं.

2022 च्या 15 ऑगस्टपर्यंत देशात रामसर जागा 75 करायच्या, असं सरकारने ठरवलं आणि केल्या. स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीला पंचाहत्तर तळी. त्या झपाट्यात गोव्याचं कुडचड्याजवळचं 42 हेक्टरांचं नंदा तळं आलं आणि 6,500 हेक्टरांची ठाणे खाडीही आली. लोणार त्याआधीच, 2020 मध्ये आलं होतं. संख्या वाढली याचा राग नाही. पण रेषा कुठे मारली हे ठाण्याला बघण्यासारखं आहे. फ्लेमिंगो ओहोटीला खाडीच्या चिखलावर चरतात आणि भरती आली की पाय टेकायला नेरूळ-सीवूड्सच्या उथळ तळ्यांवर येतात. खाडी यादीत आहे, ती तळी रेषेच्या बाहेर. पक्ष्याचा दिवस दोन्हीकडे मिळून पुरा होतो. त्या तळ्यांवर इमारतवाल्यांचा डोळा, आणि तिथल्या रहिवाशांची न्यायालयात धाव.

नांदूरला दहाच्या सुमारास धुकं उठलं. चक्रवाकांची केशरी जोडपी दिसली, लांबवर चित्रबलाकांचा घोळका. मोजणी आटोपून आम्ही बांधावर अर्ज भरायला बसलो. पक्ष्यांची पानं भरून झाल्यावर शेवटी जागेची माहिती असते. पाण्याची पातळी, आजूबाजूची पिकं, मासेमारी, गुरं. एकीकडे जमिनीचे वापर लिहायचे, एकीकडे धोके. ऊस, द्राक्षं, कांदा, शेतांतून येणारं औषध, पाटाचं पाणी सुटलं की उघडा पडणारा गाळ, हे मी भराभर लिहिलं. तेवढ्यात मागून घंटा वाजल्या. पाच-सहा म्हशी बांध उतरून सरळ पाण्यात शिरल्या. वारकऱ्यांचा जथा जरासा बाजूला सरला आणि पुन्हा चरू लागला.

मी पेन धरून थांबलो. अण्णांनी अर्जाकडे पाहिलं, मग म्हशींकडे.

"ह्या कुठं लिहिणार?" त्यांनी विचारलं. "त्यातली पुढची आमची आहे."