मधुमेहाची गोळी का चुकते?

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे उपचार आयुष्यभर चालतात आणि त्यांतला बहुतेक भाग रुग्णाच्याच हाती असतो. डॉक्टरांची भेट काही मिनिटांची; रोजची गोळी, खाणेपिणे, चालणे, पायांची काळजी हे सारे घरीच सांभाळायचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ सालच्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांचे उपचार नीट पाळणारे रुग्ण सरासरी निम्मेच असतात. उरलेल्यांना बेफिकीर म्हणून मोकळे होता येत नाही. उपचार सुटण्यामागे मनाची कारणे असतात आणि ती ओळखली तर त्यांवर इलाज करता येतो.

मुंबई महापालिकेच्या २०२१ सालच्या पाहणीत शहरातल्या सुमारे १८ टक्के प्रौढांची उपाशीपोटीची साखर वाढलेली आढळली. कॉटन ग्रीनच्या कापसाच्या गोदामांपासून काळाचौकीच्या अभ्युदयनगरपर्यंत आणि पुढे लालबाग-परळपर्यंत पसरलेल्या कामगार वस्तीतही हा आजार घरोघरी ओळखीचा आहे.

पहिला अडसर म्हणजे या आजाराचे मुकेपण. साखर वाढली तरी बरीच वर्षे काही दुखत नाही. ‘मला तर काही त्रास नाही’ असे वाटले की गोळी अनावश्यक ठरते. १९७७ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात मात्र निदानाच्या वेळीच जवळपास निम्म्या रुग्णांत डोळे, नसा किंवा रक्तवाहिन्यांना इजा झाल्याच्या खुणा सापडल्या होत्या. साखर काटेकोर आवरल्यास डोळे व मूत्रपिंडांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आजारांचा धोका २५ टक्क्यांनी घटतो, हेही त्याच अभ्यासाने १९९८ मध्ये दाखवले.

दुसरा अडसर समजुतींचा. ‘एकदा गोळी लागली की सुटत नाही’, ‘गोळ्यांनी किडनी जाते’, ‘इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी’ ही वाक्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून कानावर येतात आणि मनात ठाण मांडतात. वास्तविक वर्षे सरतील तशी स्वादुपिंडाची इन्सुलिन तयार करण्याची क्षमता कमी होत जाते. त्यामुळे बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागणे हा आजाराचा क्रम आहे, रुग्णाचा पराभव नव्हे. तरीही ‘आपण पथ्य पाळले नाही म्हणून ही वेळ आली’ या अपराधी भावनेने सुई महिनोन्‌महिने लांबणीवर पडते.

तिसरे कारण थकव्याचे. रोज मोजायचे, रोज टाळायचे आणि एवढे करूनही अहवालातला आकडा चढलेलाच! यातून येणाऱ्या वैतागाला मानसशास्त्रात ‘मधुमेहाचा मानसिक ताण’ म्हणतात. १९९५ मध्ये विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी तो मोजण्याची प्रश्नावली मांडली. नैराश्य ही याहून वेगळी अवस्था आहे. मधुमेहींमध्ये ते इतरांपेक्षा सुमारे दुपटीने आढळते, आणि ज्याला सकाळी उठावेसेच वाटत नाही त्याला गोळीची आठवण कोण करून देणार?

चौथा घटक घराचा. दहा बाय बाराच्या खोलीत एकाच चुलीवर साऱ्यांचा स्वयंपाक होतो; एकट्यासाठी वेगळे शिजवा म्हणणे सुनेला किंवा बायकोला ओझे वाटेल, या संकोचाने रुग्ण गप्प बसतो. गणपतीत घरोघरी मोदक आणि प्रसाद हातावर ठेवला जातो, तेव्हा नाही म्हणणे त्याला अपमानासारखे वाटते. ‘खा हो, एकाने काय होतंय’ हा प्रेमाचा आग्रह आणि ‘पुन्हा खाल्लंत ना?’ ही टोचणी, दोन्ही उपचाराला मारक ठरतात. सोबतीने चालायला निघणे आणि घरभर तेच जेवण करणे हा खरा आधार.

या अडसरांवर इलाज सुरू होतो तो विश्वासापासून. ‘आपल्याला हे जमेल’ असा विश्वास, ज्याला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली सिद्धान्ताचे रूप दिले, छोट्या यशांतून वाढतो. ‘वजन कमी करा’ यापेक्षा ‘रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे चाला’ हे रुग्णाला पेलते. गोळीची रोजच्या चहा-नाश्त्याच्या वेळेशी सांगड घातली की ती सवय बनते. डॉक्टरांनीही ‘गोळ्या घेता ना?’ असे दरडावण्याऐवजी ‘आठवड्यात किती वेळा चुकतात, आणि का?’ असे विचारले तर खरे उत्तर मिळते. त्या उत्तरात पैशांची अडचण, पोटाचा त्रास, भीती किंवा उदासी दिसली, तर औषध बदलता येते, पालिकेच्या दवाखान्याची वाट दाखवता येते, समुपदेशकाकडे पाठवता येते. उपचार पाळणे ही रुग्ण, घर आणि दवाखाना या तिघांची मिळून जबाबदारी आहे.