शिनोळीला जवळचं शहर कोणतं?

इंजिनिअरिंगच्या अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरताना ‘टाइप ए’, ‘टाइप बी’ असं काहीतरी निवडल्याचं आठवतंय? आपल्यातल्या बहुतेकांनी ‘ए’ निवडलं आणि पुढच्या पानावर गेलो. दहावी-बारावी महाराष्ट्रात, डोमिसाइल महाराष्ट्राचं, विषय संपला. पण त्याच यादीत खाली ‘टाइप ई’ असतो, तो कधी वाचलाय? महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागात राहणारी आणि मातृभाषा मराठी असलेली मुलं या टाइपमध्ये येतात. फॉर्मवरच्या त्या एका ओळीमागं जवळपास सत्तर वर्षांचा वाद आहे. आणि त्या वादाची एक कड आपल्या जिल्ह्यातून जाते.

आपण कोल्हापूरकर स्वतःला ‘सीमेवरचे’ समजत नाही. रंकाळा, अंबाबाई, मिसळ, राजारामपुरी, म्हणजे आपण एकदम मध्यात! नकाशा उघडा. शिरोळपासून कागल, गडहिंग्लज करत चंदगडपर्यंत जिल्ह्याची कड कर्नाटकाला लागून आहे. कागल सोडलं की हायवेवर लगेच कोगनोळी, आणि कोगनोळी कर्नाटकात. मोबाइलवर मेसेज येतो तेव्हा कुठं आपल्याला कळतं.

अदलाबदल

या नकाशातली सगळ्यात गंमतीची जागा म्हणजे चंदगड. आज हा आपल्या बारा तालुक्यांपैकी एक. पण १९५६ पर्यंत चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात नव्हता, तो बेळगाव जिल्ह्याचा भाग होता. भाषावार राज्यरचना झाली, १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. कायद्यात त्याला एक अपवाद होता : चंदगड तालुका सोडून. तो तालुका मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूरला जोडला गेला.

आता उलटं बघा. आज बेळगाव जिल्ह्यात असलेलं रायबाग कधीकाळी कोल्हापूर संस्थानात होतं. म्हणजे शाहू महाराजांच्या राज्यातलं रायबाग आज कर्नाटकात, आणि बेळगावचा चंदगड आपल्याकडं! जिल्हा, राज्य या गोष्टी आपल्याला डोंगर-नद्यांसारख्या कायमच्या वाटतात. पण आपल्या आजोबांच्या पिढीनं त्या बदलताना पाहिल्या आहेत.

चंदगड इकडं आला, पण त्याला लागूनच असलेली बेळगाव तालुक्यातली मराठी गावं तिकडं राहिली. शिनोळी महाराष्ट्रात, शेजारची बाची कर्नाटकात. पुढचं उचगावही कर्नाटकात, आणि त्या उचगावात मराठी साहित्य संमेलन भरतं. शेताला शेत लागलेलं, सोयरीक दोन्हीकडं, ग्रामदैवताच्या यात्रेला पाहुणे इकडून तिकडं. फरक पडतो तो सातबारा कुठल्या भाषेत मिळतो, एसटी कुठल्या रंगाची येते आणि मुलाला स्कॉलरशिप कुठलं सरकार देतं, यात.

मग वाद काय आहे?

थोडक्यात सांगायचं तर, सीमा ठरवताना गाव हा घटक धरा, लोकांची भाषा बघा, गावं एकमेकांना लागून आहेत का ते बघा आणि लोकांना काय हवं ते विचारा, अशी महाराष्ट्राची मागणी आहे. केंद्रानं १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला. त्यानं १९६७ च्या अहवालात २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं कर्नाटकाला द्यावीत, असं सुचवलं. बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवलं. महाराष्ट्रानं हा अहवाल नाकारला, कर्नाटकानं तो उचलून धरला. २००४ मध्ये महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. आज महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांवर आहे. ‘टाइप ई’ आला तो इथून. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं आपली आरोग्य विमा योजना या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, तेव्हा त्यावरूनही दोन सरकारांत वाजलं.

म्हणजे बघा, २००४ साली जन्मलेलं मूल आज पदवीधर झालं असेल. तितका काळ हा खटला चालू आहे.

शंभर किलोमीटर की वीस?

आता शीर्षकातला प्रश्न. शिनोळीतून बेळगाव पंधरा-वीस किलोमीटर. कोल्हापूर? शंभराच्या वर. चंदगडच्या पूर्व भागातल्या शेतकऱ्याची रताळी बेळगावच्या मार्केट यार्डात जातात. लग्नाचा बस्ता, डॉक्टर, मोटारीचा पार्ट, रेल्वे, सगळ्याला बेळगाव. तहसील चंदगडला, कलेक्टर कोल्हापूरला, विद्यापीठही कोल्हापूरला. रोजचं जगणं एका दिशेला आणि कागदपत्रं दुसऱ्या दिशेला, असा हा तालुका आहे.

कॉलेजला जायच्या वयात हे जास्त टोचतं. घरून येऊन-जाऊन शिकता येईल असं शहर बेळगाव, पण ते दुसऱ्या राज्यात. तिकडं प्रवेश घेतला तर बोर्ड, विद्यापीठ, फी सवलत, सगळ्याचे नियम बदलतात. इकडं यायचं तर हॉस्टेल आलं, मेस आली, खोलीभाडं आलं. मुलगी असेल तर घरात आणखी एक चर्चा होते, “एवढ्या लांब एकटीला कशाला?” तुमच्या वर्गात चंदगडची मुलगी असेल, तर ती बहुतेक ही चर्चा जिंकून आलेली आहे, एवढं लक्षात ठेवा.

आणि मग वातावरण तापतं. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पेटला, गाड्यांवर दगडफेक झाली, दोन्ही राज्यांच्या बस बंद झाल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ बसमध्ये भाषेवरून मारहाण झाली, पुन्हा बस बंद. आपल्यासाठी ती बातमी असते, फार तर स्टेटस. सीमेवरच्या पोरासाठी तो बुडालेला पेपर, चुकलेली ट्रेन किंवा दवाखान्यातली हुकलेली तारीख असू शकते. झेंडा कुणाचाही असो, स्टँडवर अडकतो तो तिथलाच माणूस.

नदी, हत्ती आणि अडकित्ता

गंमत म्हणजे सीमा फक्त माणसांनाच अडवते. चंदगडच्या डोंगरातून निघालेली ताम्रपर्णी घटप्रभेला मिळते, घटप्रभा कर्नाटकात जाते, हिडकलच्या धरणात थांबते आणि पुढं गोकाकच्या धबधब्यावरून उडी मारते. आपण पिकनिकला जाऊन ज्या पाण्याचे रील्स काढतो, त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातून गेलेलं असतं! गेली वीसेक वर्षं कर्नाटकच्या जंगलातले हत्ती चंदगडच्या शिवारात येतात, भात आणि ऊस खातात. त्यांना कुणी डोमिसाइल विचारत नाही. नुकसान मात्र शेतकऱ्याचं होतं.

भाषेचंही तसंच. चंदगडी बोलीत मराठी, कोकणी आणि कन्नड एकत्र नांदतात. आणि आपण काय कमी आहोत? अक्का, अण्णा ही हाक आपण कन्नडबरोबर वाटून घेतली आहे. आजीच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता घ्या. सुपारीला कन्नडमध्ये ‘अडके’ म्हणतात. शिरोळ तालुक्यात कृष्णेकाठी खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर आहे, तिथले जुने शिलालेख बघा. कन्नडमधले आहेत, आणि यादव राजा सिंघणाचा संस्कृत लेखही आहे. तेव्हा एकाच भिंतीवर दोन्ही भाषा बसत होत्या. सौंदत्तीच्या यल्लम्माला कोल्हापुरातून भरभरून गाड्या जातात आणि जोतिबाला, नृसिंहवाडीला कर्नाटकातून येतात. त्या रांगेत कुणी सीमाप्रश्न काढत नाही.

याचा अर्थ सीमाभागातल्या मराठी माणसाची मागणी खोटी, असा अजिबात नाही. आपल्या भाषेत शाळा, आपल्या भाषेत सरकारी कागद मिळावा, हा त्यांचा हक्क आहे आणि त्यासाठी तिथल्या लोकांनी मार खाल्लाय, जीवही दिलेत. पण भाषेचा हक्क मागणं वेगळं आणि समोरच्या कंडक्टरला, ड्रायव्हरला शत्रू समजणं वेगळं. हा फरक चंदगडच्या पोरांना कळतो, कारण त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच बसनं जायचं असतं.

एकदा जाऊन या

कोल्हापूरच्या स्टँडवरून चंदगडची एसटी पकडा. पारगडावर जा, तानाजींचे पुत्र रायबा यांच्याकडं हा गड होता, असं तिथं सांगतात आणि मालुसऱ्यांचे वंशज आजही गडावर राहतात. कलानिधीगड, महिपाळगड, गंधर्वगड याच तालुक्यात. ‘स्वामी’ लिहिणाऱ्या रणजित देसाईंचं कोवाडही इथलंच. त्या कादंबरीला १९६४ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. काजू घ्या, नाचणीची भाकरी खा.

आणि लगेच जाणं जमत नसेल, तर आज कँटीनमध्ये तुमच्या चंदगडच्या मित्राला एवढंच विचारा : “बस बंद असते तेव्हा तू घरी कसा जातोस?” उत्तर ऐकायला थोडा वेळ काढून बसा. मोठं असतं.