पवनाथडीच्या ताटातून डब्यात काय न्याल?

संध्याकाळी पवनाथडी जत्रेच्या मैदानात शिरले, की डोळ्यांआधी नाक कामाला लागते. एकीकडे चुलीवर टम्म फुगणारी भाकरी, दुसरीकडे खापरावर पसरलेले खानदेशी मांडे, तर पलीकडे मासवडीच्या रश्श्याचा ठसका. पिंपरी-चिंचवड महापालिका महिला बचत गटांसाठी ही जत्रा भरवते. सांगवीच्या पीडब्ल्यूडी मैदानावर ती अनेकदा भरली आहे. ‘थडी’ म्हणजे नदीचा काठ. पवनेच्या काठी कारखाने आले, त्यांच्यामागोमाग खानदेश, मराठवाडा, विदर्भातून माणसे आली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे पदार्थही आले.

ही माणसे रोज मात्र असे जेवतात का? भोसरी असो वा चाकण, शिफ्ट सुटल्यावर हाती येतो तो वडापाव, पोहे आणि गोड चहा. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे ‘आयसीएमआर’च्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्यात रात्रपाळीची भर पडते. आपल्या शरीराचे घड्याळ रात्री विश्रांतीच्या तयारीत असते. त्या वेळी इन्शुलिनचे काम मंदावते आणि दिवसा पचणारे तेच जेवण रात्री रक्तातील साखर जास्त वाढवते. म्हणून जत्रेतल्या ताटाकडे जरा शोधक नजरेने पाहायला हवे.

खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्याची ओळख असलेली मासवडी घ्या. नावात मासा असला तरी पदार्थ शाकाहारी. बेसन शिजवून घट्ट घोटायचे, ओल्या फडक्यावर थापायचे, आत तीळ, सुके खोबरे, कांदा-लसणाचे सारण भरायचे आणि माशासारखा आकार देऊन वड्या कापायच्या. सोबत बाजरीची भाकरी. धान्याच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्य आणि तीळ पुरवतात. हे शास्त्र माहीत नसतानाही आपल्या आज्यांनी ही जोडी नेमकी जमवली होती.

हुलग्याचे माडगे आणि शेंगोळी हाही तसाच ठेवा. १०० ग्रॅम हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय तंतुमय भाग भरपूर. त्यामुळे पोट बराच वेळ भरलेले राहते.

नाचणीच्या आंबिलीबद्दल मात्र हिशेब नीट मांडू. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे खरे. पण एका पेल्यात पीठ पडते जेमतेम २५ ग्रॅम, म्हणजे कॅल्शियम मिळते ९० मिलिग्रॅमच्या आसपास. त्यात ताकाची भर पडते. पीठ रात्रभर ताकात आंबवले, की खनिजे अडवून धरणारे फायटेट कमी होते. आंबवण्याचा फायदा केवळ चवीपुरता नाही तो असा.

पारंपरिक आहे म्हणून सगळेच हितकर, असेही नाही. पुरणाच्या मांड्यात गूळ-साखर असते आणि गुळानेही रक्तातील साखर वाढतेच. रश्श्यावरचा तवंग, पापड, लोणचे, ठेचा यांतून तेल-मीठ नकळत वाढते. दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्वारी-बाजरीतही पिष्ट आहेच. तीन-चार भाकरी हाणल्या तर ‘भरडधान्य खाल्ले’ एवढेच समाधान मिळेल. आपले आजी-आजोबा हेच खात, पण दिवसभर शेतात राबत. आपण बसने कंपनीत जातो आणि अनेक जण यंत्रासमोर एकाच जागी उभे असतात.

तेव्हा जत्रेत मांडा जरूर खा, चौघांत एक वाटून. पण घरी न्यायचे ते हुलग्याचे, नाचणीचे आणि ज्वारीचे पीठ. डब्यात दोन भाकऱ्या, घट्ट पिठले किंवा उसळ, पालेभाजी, कच्चा कांदा आणि लिंबाची फोड असू द्या. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्व धान्यातले लोह शोषायला मदत करते, तर जेवणावर लगेच घेतलेला चहा ते अडवतो. चहासाठी तासभर थांबा. रात्रपाळी असेल तर मुख्य जेवण कामावर जाण्यापूर्वी करा, मध्यरात्रीनंतर ताक किंवा मूठभर फुटाणे पुरेत. मधुमेहाची औषधे चालू असतील किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

जत्रा चार-पाच दिवसांत उठते. तिथे भाकरी थापणाऱ्या ताईंकडून पिठात गरम पाणी का घालायचे, तेवढे शिकून या. ज्वारीत ग्लुटेन नसते, गरम पाण्याने पिष्ट चिकट होते आणि भाकरी तुटत नाही. हे एकदा हाताला जमले, की जत्रेतले ताट वर्षभर डब्यात येऊ शकते.